वर चिखल, खाली कोरडं

"बांध फोड म्हणतोय मी!"

"नाही फोडत."

"माझं पाणी अडवून धरलंयस तू."

"तुझं पाणी तुझ्या रानात जिरव ना, दादा. माझ्या कोबीच्या डोक्यावर कशाला ओततोस?"

भर पावसात दोघे सख्खे भाऊ बांधाच्या दोन अंगांना उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. वरच्या अंगाला थोरला, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात रुतलेला, हातात फावडं. खालच्या अंगाला धाकटा, डोक्यावर गोणपाटाची खोळ, आणि त्याच्याही हातात फावडंच. थोरला बांध उकरायला आला होता, धाकटा त्यावर माती चढवायला. पाऊस दोघांच्याही तोंडावर सारखाच मारत होता.

थोरल्याला सगळं गाव पिठ्या म्हणायचं. त्याला रानात ढेकूळ खपायचं नाही. एवढंसं ढेकूळ दिसलं तरी तो वाट सोडून जायचा आणि टाचेखाली चुरडून यायचा. माती कशी हवी, तर मुठीत घेतली की पिठासारखी बोटांतून गळली पाहिजे. त्यासाठी दर हंगामाला तो ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागायचा, रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारी फिरती पाती, मारून घ्यायचा. एकदा, दोनदा, आणि मन भरलं नाही तर तिसऱ्यांदा. ट्रॅक्टरवाला त्याच्या सवडीने यायचा. रान ओलं असलं तरी पिठ्या म्हणायचा, आलायस तर मारून टाक. मग सगळं रान असं मऊ, सपाट व्हायचं की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. पिठ्याला तेवढं बघणं वर्षभर पुरायचं.

बापाची उताराची जमीन दोघांनी वाटून घेतली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. मध्यस्थी करायला आलेली माणसं बसून बसून कंटाळली आणि उठून गेली. वरचा तुकडा पिठ्याने मागून घेतला. खाली पाणी उतरतं, धाकटा तरणा आहे, तो निस्तरेल, असा त्याचा हिशोब. आणि आता पाणी वरच्या तुकड्यातच ठाण मांडून बसलं होतं.

"बाबांच्या वेळेला पाणी इकडूनच खाली जायचं," पिठ्या म्हणाला. "तुझ्याच डोळ्यांसमोर जायचं."

"जायचं, पण झिरपत जायचं. पाऊस उघडल्यावर सावकाश यायचं, वस्त्रगाळ केल्यासारखं. आता आभाळ फुटलं की लगेच तुझा गढूळ लोंढा माझ्या दारात. का? तुझ्या रानात पाणी मुरतच नाही. का मुरत नाही ते बघ आधी, मग माझ्या बांधाला हात लाव."

"माझी माती बघायला लोक रस्त्यावर थांबतात!"

"बघायलाच छान आहे ती," धाकटा म्हणाला आणि त्याने मातीचं घमेलं बांधावर उपडं केलं.

पिठ्याच्या तोंडात शिवी आली होती, पण ती गिळून तो मागे वळला. वळताना पाय चिखलातून निघेना. दोन्ही हातांनी पाय उपसून काढावा लागला, आणि ते धाकट्याने पाहिलं, याचा त्याला जास्त राग आला.

रानात मिरची उभी होती. उभी म्हणायची इतकंच. पानं खाली लोंबली होती, शेंडे माना टाकून होते. उन्हाळ्यात पाणी तुटलं की झाड जसं दिसतं, अगदी तसंच. पिठ्याची बायको सरीत उकिडवी बसली होती. तिने एका झाडाचं पान दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं.

"तहानलीयेत हो ही," ती म्हणाली.

"पाण्यात उभी आहेत आणि तहानलीयेत?"

"बघा ना तुम्हीच. माझे डोळे फुटलेत का?"

तिने बुंध्यापाशी बोटं घालून थोडी माती वर काढली. माती काळी राहिली नव्हती. राखाडी, निळसर पडली होती. वास असा आला, जणू तुंबलेल्या मोरीचं झाकण उघडलंय. बायकोने तोंड फिरवलं. पिठ्याने नाही फिरवलं. आपल्याच रानाच्या वासाला तोंड फिरवायचं म्हणजे काय राहिलं?

हे तिसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी निम्मं रान जळलं तेव्हा त्याने रोपवाल्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी औषधाला दिला. यंदा रोपं स्वतः वाढवली होती, औषध वेळच्या वेळी दिलं होतं, दोष द्यायला धाकट्याचा बांध तेवढा उरला होता. बायकोच्या भावाचा शहरात कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता. इस्पितळांच्या चादरी तिथे यायच्या. भाऊ कधीपासून म्हणत होता, दोघे या, खोली देतो, काम देतो. पेरणीच्या वेळी बायकोने पिठ्याला स्पष्ट सांगितलं होतं, हे पीक गेलं तर मी जाणार. तुम्ही या, नाही तर नका येऊ. पिठ्याने मान हलवली होती. तेव्हा आभाळ निरभ्र होतं आणि मान हलवायला काही लागत नव्हतं.

"बादल्या आण," तो म्हणाला.

त्यांनी बादल्यांनी पाणी उपसायला घेतलं. सरीतलं पाणी भरायचं, रस्त्याकडेच्या चरापर्यंत न्यायचं, ओतायचं. सकाळभर दोघे जिवाच्या कराराने उपसत होते. एक सरी रिकामी केली आणि मागे वळून बघितलं तर शेजारच्या सरीतलं पाणी वरंब्यातून पाझरून तिच्यात भरत होतं. बायकोने बादली खाली ठेवली. ती रडली नाही. तिने फक्त हात धुतले, त्याच पाण्यात, आणि घराकडे निघून गेली. ती गेल्यावर पिठ्याला कळलं, की ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी पाऊस जरा उघडला. धाकटा सायकल काढून बाजाराला गेलेला पिठ्याने पाहिला होता. आता पिठ्या फावडं घेऊन बांधावर आला.

त्याच्या मनात फार नव्हतं. वीतभर फट पाडायची, पाण्याला वाट द्यायची, संध्याकाळी धाकटा यायच्या आत बुजवून टाकायची. त्याने पहिला घाव घातला, दुसरा घातला. ओली माती लोण्यासारखी कापली जात होती. फटीतून पाण्याची करंगळीएवढी धार निघाली. पिठ्याच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. जा बाबा, जा, तो पुटपुटला.

पाणी गेलं. पण करंगळीएवढं नाही राहिलं. धारेने कडेची माती खाल्ली, मग अजून खाल्ली, आणि पिठ्या फावड्याने ढेकूळ ओढून फट आवळायला वाकला तोवर बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. सगळ्या रानावरचं पाणी एकदम तिकडे वळलं. पिठ्याची ती पिठासारखी माती त्यात विरघळून, लापशीसारखी होऊन, धाकट्याच्या कोबीवर जाऊन पडली. कोवळी रोपं दिसेनाशी झाली. लोंढा तिथे थांबला नाही. गोठ्यामागच्या सखल कोपऱ्याकडे गेला.

तेवढ्यात धाकटीची किंकाळी आली. धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. तिचा आवाज एरवी शेजाऱ्यालाही ऐकू जायचा नाही.

पिठ्या घसरत, पडत खाली धावला. गोठ्यामागच्या कुंपणाला म्हशीची पारडी बांधलेली होती. पाऊस उघडला म्हणून धाकटीने तिला गवतावर काढली होती. लोंढ्याने तिला कुंपणाच्या तारेवर दाबून धरलं होतं, दावं मानेभोवती आवळलं होतं आणि वरून चिखल येतच होता. धाकटी दाव्याची गाठ सोडवत होती, पण भिजलेली गाठ सुटेना. पिठ्याने फावड्याच्या पात्याने दावं तोडलं, पारडीला मांडीवर ओढलं, तिच्या नाकातला चिखल बोटांनी काढला. तिचे पाय दोनदा झाडले गेले. मग सगळं अंग जड झालं.

आत गोठ्यात म्हैस हंबरत होती.

धाकटीने पिठ्याकडे बघितलं, मग वर बांधाकडे, मग त्याच्या फावड्याकडे. तिला सांगावं लागलं नाही.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "नुसतं सांगितलं असतं तरी मी हिला सोडून आत घेतली असती."

पिठ्याने पारडीच्या मानेभोवतीचं तुटकं दावं सोडवायला घेतलं.

धाकटा आला तेव्हा पिठ्या तिथेच बसून होता, पारडी मांडीवर. त्याला वाटलं होतं, आता मार बसणार. बसावा असंच वाटत होतं. धाकट्याने सायकल भिंतीला टेकवली. कोबीच्या वाफ्यांवरून नजर फिरवली. वाफे नव्हतेच, सगळीकडे एक राखाडी साय धरलेली होती. मग तो पारडीजवळ आला, खाली बसला, तिचा कान सरळ केला.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"मी मुद्दाम नाही रे—"

"खड्डा तू खण. तुझ्या रानात खण. माझ्या रानात आता जागा कुठे आहे?"

त्या आवाजात राग असता तर पिठ्याला उलटून बोलता आलं असतं.

पारडी फळीवर घालून त्याने वर ओढत नेली. धाकटा मागून आला, हात न लावता. मिरचीच्या ओळींमधे, रानाच्या मधोमधच म्हणा, पिठ्याने जागा धरली. वरचं पाणी तर सगळं वाहून गेलं होतं, पण रान तसंच लिबलिबीत होतं. मिरचीने मान वर केली नव्हती. म्हणजे बांध फोडून पाणी गेलं, माती गेली, भाऊ गेला, आणि मुळांशी जे तुंबलं होतं ते जागचं हललंही नव्हतं. पिठ्या हे बघत होता आणि खणत होता.

वरची वीत-दीड वीत माती फावड्याला चिकटून येत होती, शेणासारखी. खड्ड्याच्या चारी बाजूंनी पाणी पाझरून आत साचायला लागलं. तो पाण्यातच खणत राहिला. आणि मग फावडं खाली मारलं तर ठणकन आवाज आला. हाताला झिणझिण्या आल्या.

"दगड लागला," तो म्हणाला.

"या रानात दगड कधी होता?" धाकटा वरून म्हणाला.

पिठ्याने दुसरीकडे मारलं. ठण. तिसरीकडे मारलं. तिथेही तेच. तो पहार घेऊन आला आणि सगळा राग, सगळी लाज तिच्यात घालून घाव घातला. पहार उसळून परत आली. असे बरेच घाव घातल्यावर एक खपली निघाली. जाड, चपटी, विटेच्या तुकड्यासारखी. माती होती ती, पण दाबून दाबून विटेसारखी झालेली. पिठ्याने तिच्या खाली हात घातला आणि दचकून मागे घेतला.

"काय झालं? साप?" धाकटा पुढे आला.

"कोरडं आहे."

"काय?"

"खाली कोरडं आहे रे. कोरडं ठाक."

त्याने मूठ भरून वर काढली. भुरभुरीत, गरम, धुळीसारखी माती. एवढ्या दिवसांच्या पावसाचा एक थेंब तिला शिवला नव्हता. दोघे भाऊ त्या मुठीकडे बघत राहिले. तेवढ्यात खड्ड्यात साचलेल्या पाण्याला त्या फोडलेल्या जागेची वाट सापडली. पाणी आधी थरथरलं, मग गोल फिरायला लागलं आणि खाली जायला लागलं. मडक्यात पाणी ओतल्यावर होतो तसा आवाज होत होता. खड्डा भरायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या निम्म्या वेळात रिकामा झाला. तळाची माती ते पाणी अधाशासारखी पीत होती.

पिठ्याने बाजूचं मिरचीचं एक झाड धरून उपटलं. मूळ सरळ खाली आलं होतं आणि त्या घट्ट थरावर टेकल्यावर काटकोनात वळून आडवं पळालं होतं, भिंतीला अडलेल्या माणसासारखं. आडवं पळालेलं सगळं कुजलं होतं. बोटांनी दाबलं की साल निघून हातात यायची.

"रोटर," पिठ्या म्हणाला. "दर वर्षी तेवढ्याच खोलीवर फिरला. वरचं पीठ झालं. आणि खाली पाती घासून घासून, वर ट्रॅक्टरचा भार... आणि मी ओल्यातच मारून घ्यायचो."

धाकट्याने ती खपली उचलून हातात उलटीपालटी केली.

"मला वाटायचं, तू अडवलंयस."

"पारडी मेल्यावर कळलं तुला," धाकटा म्हणाला. "चांगलं झालं कळलं ते. आता तिला घाल आत."

पिठ्याने पारडीला आत ठेवलं. माती लोटताना त्याला बापाची आठवण झाली नाही, देवाची झाली नाही. त्याला फक्त धाकटीचा तो हळू आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तो पहार घेऊन रानात होता. उभ्या पिकात नांगर घालता येत नव्हता. दोन झाडांच्या मधे पहार रोवायची, अंगाचा भार टाकायचा, हलवून हलवून थर फुटेपर्यंत खाली घालायची, मग काढायची. भोकात पाणी शिरायचं, थोडं बुडबुडायचं, खाली जायचं. मग पुढचं झाड. बायको येऊन काही वेळ बघत राहिली, मग तिनेही घरातली जुनी सळई आणली. तिच्या तळव्याला फोड आला, फुटला, तिने पदराचा काठ फाडून गुंडाळला आणि पुन्हा सळई धरली.

पण झाडं ऐकेनात. मुळं कुजून गेली होती, आता खालची वाट मोकळी करून ती चालणार कशाने? रोज सकाळी आणखी एक ओळ पिवळी पडलेली दिसायची. पिठ्या तरी रोवत राहिला. शेवटी शेवटी तो मेलेल्या झाडांच्या मधेही पहार रोवत होता.

"आता कुणासाठी?" बायकोने विचारलं.

त्याने पुढच्या मेलेल्या झाडापाशी पहार रोवली.

तिच्या भावाचा टेम्पो चादरी पोचवायला जवळच्या गावात आला होता, तो तिला न्यायला आला. एक ट्रंक, एक गाठोडं. ती टेम्पोत बसायच्या आधी रानाच्या कडेपर्यंत चालत आली.

"मी रुसून नाही चालले," ती म्हणाली. "दोघांनी इथे बसून उपाशी राहायचं, त्यापेक्षा एकाने कमवावं. तुम्ही येताय का? शेवटचं विचारते."

"रान असं उघडं टाकून?"

"रानाने काय ठेवलंय आपलं?"

"रानाने नाही गं केलं काही," पिठ्या म्हणाला. "मी केलंय."

ती जवळ आली. मग त्याच्या सदऱ्याचं तुटकं बटण चाचपलं, जणू ते लावायचं राहून गेलं होतं, आणि गेली.

पिठ्या एकटा राहिला. मेलेली मिरची त्याने उपटली, पण झाडं बाहेर फेकली नाहीत, तिथेच रानावर अंथरली. धाकट्याचा फुटलेला बांध त्याने स्वतः घातला, पहिल्यापेक्षा रुंद, आणि तो घालत असताना धाकटा गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता, पण आला नाही. कोबीच्या वाफ्यांवर बसलेली साय धाकटीने एकटीने खरवडून काढली. पिठ्याने मदतीला खाली जायचा प्रयत्न केला तेव्हा तिने नुसता हात वर करून त्याला थांबवलं. ट्रॅक्टरवाला रस्त्यावरून जाताना ओरडला, "काय पिठ्या, रान तर मोकळंच झालंय, मारू का रोटर?" पिठ्याने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पहार रोवली आणि भार टाकला.

रान मोठं होतं आणि माणूस एक. रस्त्याने जाणारे आताही थांबायचे. म्हणायचे, बायको गेली तसं याचं डोकं गेलं. ढेकळं निघत होती, ती तशीच पडली होती, उंबरठ्याएवढी, माठाएवढी. पिठ्याला कधी कधी त्यांच्यावर पाय द्यावासा वाटायचा. मग तो पाय उचलून बाजूला ठेवायचा.

पावसाळा सरत आला असताना एका सकाळी आभाळ पुन्हा भरून आलं आणि कोसळलं. झडीचा नव्हता हा पाऊस. वरून कुणी घागरीच रित्या करत होतं. बांध नवा होता, मातीने अजून नीट जीव धरला नव्हता. तो घराच्या वळचणीला उभा राहून रानाकडे बघत राहिला. उतरून बांधापर्यंत जायचं धैर्य त्याला झालं नाही. पाणी ढेकळांमधे शिरत होतं, अंथरलेल्या काटक्यांखाली जात होतं. कुठे चमकत होतं, कुठे नव्हतं. एवढ्या लांबून काही कळत नव्हतं. बांध फुटला असता तर किंकाळी आली असती, एवढाच त्याला आधार. तो कान लावून बसला. दुपार झाली, पाऊस थांबला, पागोळ्या गळायच्या राहिल्या. खालून आवाज आला नाही.

मग डोक्यावर गोणपाट घेऊन धाकटी वर येताना दिसली. पिठ्या उठून उभा राहिला.

"काय झालं?" त्याने विचारलं. "गोठ्यात...?"

"काही नाही झालं," धाकटी म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, रानाकडे बघितलं. "पाणी बांधाला लागलं, वीतभर चढलं आणि थांबलं. हे सकाळपासून फावडं घेऊन बांधावर बसले होते. आत्ता घरात आले."

"म्हणाला काही?"

"म्हणाले, दादाला जाऊन सांग."

"काय?"

"खालचा कोपरा राहिलाय म्हणाले. पेरूच्या झाडाकडचा. तिथे अजून साचतंय."

एवढं सांगून ती वळली आणि ढेकळांमधून पाय जपून टाकत खाली निघून गेली.

पिठ्याने भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि पेरूच्या झाडाकडे गेला. तिथे घोटाभर पाणी उभं होतं, त्यात पानं तरंगत होती. त्याने पहार रोवली, वर छाती टेकवली आणि दाबली. पहिल्या खेपेला हलली नाही. दुसऱ्या खेपेला खाली काहीतरी कडकन मोडलं. त्याने पहार काढली आणि वाकून बघितलं. एक पान त्या भोकाकडे सरकायला लागलं होतं.

त्याने वीतभर पुढे सरकून पुन्हा पहार उचलली.